रोज सहा मिनिटं पुढे

घड्याळ दुरुस्तीला द्यायचं नाही, असं कारकूनरावांनी एका रविवारी ठरवलं, आणि तिथूनच त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला सुरुवात केली.

घड्याळ भिंतीवरचं, लंबकाचं, सासऱ्यांनी दिलेलं. चालायचं झकास, फक्त दिवसाला सहा मिनिटं पुढे जायचं. (सासरच्या वस्तूंना घाई फार, असं कारकूनराव म्हणत. अर्थात बायको कामावर गेल्यानंतर.) मोबाइल घरोघरी यायच्या आधीची ही गोष्ट. कारकूनरावांच्या मनगटावर एक घड्याळ असे, पण ते कधीच बंद पडलेलं होतं. मनगट रिकामं दिसलं तर साहेब आणखी कमी किंमत देतील म्हणून ते बांधत. तेव्हा घरातली खरी वेळ काय ती भिंतीवर.

आता दुरुस्ती का नको? तर परीक्षेसाठी. खात्याची परीक्षा पास झाल्याशिवाय कनिष्ठ लिपिकाचा वरिष्ठ लिपिक होत नसे आणि परीक्षेला पाचच वेळा बसता येई. कारकूनराव चार वेळा बसले होते आणि चारही वेळा गणितात आडवे झाले होते. कारण एकच, रेषीय फल, ते एक्स-वायचं सरळ रेषेचं गणित. ही पाचवी वेळ, म्हणजे शेवटची. बढतीतून त्यांना फार काही नको होतं. वरिष्ठ लिपिकाला हातांची खुर्ची मिळते, तेवढी हवी होती. बिनहातांच्या खुर्चीत बसून त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि कोपरं कुठं ठेवायची, हा प्रश्न अजून सुटला नव्हता.

शिकवायला घरातच मास्तरीण होती. नववीतली मुलगी.

"बाबा, वाय बरोबर एमएक्स अधिक सी. सोपं आहे."

"ते पाठ आहे गं. पण एक्स म्हणजे नक्की काय?"

"काहीही असू शकतं."

"काहीही? सरकारी कामात काहीही चालत नाही. नक्की सांग."

मुलीने कपाळाला हात लावला. तेवढ्यात घड्याळाने बाराचे टोल दिले. बाहेर अजून बारा व्हायचे होते. मुलगी एकदम म्हणाली, "हे घ्या. हे घड्याळच घ्या! आत्ता दहा मिनिटं पुढे आहे ना? तो सी. म्हणजे मुळात जे होतं ते. रोज सहा मिनिटं वाढतात, तो एम. एक्स म्हणजे दिवस. मग इतक्या दिवसांनी किती पुढे असेल, तो वाय."

कारकूनराव घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की आतून बायको काय झालं म्हणून बघायला आली.

"म्हणजे उद्या सोळा मिनिटं?"

"हो."

"परवा बावीस?"

"हो बाबा!"

"मग आधी का नाही सांगितलंस?" असं म्हणून त्यांनी फर्मान काढलं. परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे, तोवर या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही. वेळ हवी असेल त्याने गणित करायचं.

पुढचे दिवस घराने कसे काढले ते घरालाच ठाऊक. बायको दवाखान्यात नर्स होती. सकाळची पाळी गाठताना ती एकदा तीच वजाबाकी दोनदा करून बसली आणि उशिरा पोचून मोठ्या बाईंची बोलणी खाऊन आली. मुलगी एकदा शाळेत पोचली तेव्हा शिपाई फाटकाची किल्ली शोधत होता. भेटायला आलेले दूरचे काका दहाचे टोल ऐकून अर्धा चहा टाकून पळाले. कारकूनराव मात्र खुशीत होते. दूधवाल्यालासुद्धा ते "आज वाय किती, सांग बरं" असं विचारायला लागले. दूधवाला दुधात पाणी घालत असेल, पण एवढं ऐकून घेण्यासारखं त्याने काही केलं नव्हतं.

आणि खरंच सांगायचं तर माणूस बदलला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गणितातलं काहीतरी कळलं होतं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "उद्या घड्याळ बरोबर शंभर मिनिटं पुढे असेल. या खेपेला मी पास होतो बघ."

चार निकाल बायकोने पाहिले होते. दर निकालानंतर हा माणूस आठवडाभर भाजीत मीठ नसलं तरी बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाळीला जाण्यापूर्वी एक गोष्ट घडली. कारकूनरावांना ती संध्याकाळी कळली, तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. बायको स्टुलावर चढली आणि शेजारच्या रेडिओवरची वेळ ऐकून तिने घड्याळ बरोबर लावलं. बिचाऱ्याला आजच्या दिवशी तरी वजाबाकी नको. सांगितलं असतं तर फर्मान मोडलं म्हणून आरडाओरडा झाला असता, म्हणून ती गुपचूप निघून गेली. मुलगी मैत्रिणीची हाक ऐकून घड्याळ न बघताच शाळेत गेली. कारकूनराव घोरत होते.

ते उठले तेव्हा घड्याळात दहाला वीस कमी होते. शंभर वजा. म्हणजे आठ. पेपर अकराला, बसने तासाभराचा रस्ता, पावणेदहाला निघालं की झालं. त्यांनी सावकाश चहा केला. ऊन पार पलंगापर्यंत आलं होतं, पण उन्हाला गणित कुठं येतं?

अकराचे टोल पडले तेव्हा ते दाढी करत होते. "नऊ वीस," ते आरशाला म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्यांदा साबण लावला.

शेजारचे पेन्शनर दारातून डोकावले. "अहो, आज तुमची परीक्षा ना? अजून घरी?"

"वेळ आहे हो."

"अकरा वाजले की!"

"दिसायला अकरा," कारकूनराव दयाळूपणे म्हणाले. "तुम्ही सी धरला नाहीत."

पेन्शनर घरी गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

घड्याळात अकरा पंचवीस झाल्यावर कारकूनराव निघाले. बसमधून त्यांना पोस्टाच्या इमारतीवरचं घड्याळ दिसलं. बारा. "हेही पुढे जातं वाटतं," ते मनात म्हणाले. "याचा एम किती असेल?" पुढच्या चौकात बँकेचं घड्याळ दिसलं. बारा वाजून पाच. दोन्ही घड्याळं इतकी एकमेकांच्या मेळात कशी? त्यांनी कंडक्टरला वेळ विचारली. नंतर शेजारच्या बाईंना विचारली. मग कुणालाच विचारली नाही.

केंद्राच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. "साडेअकरानंतर आत सोडत नाही."

"माझी शेवटची खेप आहे हो."

"मग लवकर यायचं."

"मी गणित करून आलो," कारकूनराव म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. पहारेकऱ्याने त्यांना आपलं स्टूल दिलं. त्या स्टुलालाही हात नव्हते.

एक वाजता त्यांच्याच ऑफिसातला तरुण कारकून बाहेर आला. "काका, कुठं होतात? पहिलाच प्रश्न वीस मार्कांचा! एक घड्याळ सात मिनिटं पुढे आहे, रोज चार मिनिटं आणखी पुढे जातं, तर बारा दिवसांनी किती?"

"पंचावन्न," कारकूनराव श्वासही न घेता म्हणाले.

तरुण बोटांवर मोजू लागला. "अरेच्चा! मी अठ्ठेचाळीस लिहिलं."

(पुढे तो पास झाला. हातांच्या खुर्चीत बसतो. कोपरं टेकून.)

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकलं, स्टुलाची गोष्ट सांगितली आणि ती पदराने डोळे पुसू लागली. "अहो, तुमच्यासाठीच केलं हो मी." कारकूनरावांना रागवायचं होतं. पण त्यांच्यासाठी पहाटे स्टुलावर चढणारं जगात दुसरं कुणी नव्हतं, आणि हे कळायला गणित लागत नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पंधरा दिवसांत घड्याळ पहिल्यांदाच जवळजवळ खरी वेळ दाखवत होतं.

मुलीला राहवेना. "बाबा, तुमचं काही चुकलं नाही. सी बदलला, एवढंच. तुम्हाला रेषीय फल नक्की आलंय. थांबा, दाखवते." तिने आलेखाचा कागद आणला. "आडव्या अक्षावर तुमचे प्रयत्न. उभ्यावर ऑफिसातला हुद्दा." तिने पाच ठिपके दिले आणि पट्टीने जोडले. रेषा भुईसपाट आली.

"आता सांगा. चढ किती?"

"शून्य," कारकूनराव म्हणाले.

"आणि सी?"

"सी म्हणजे मुळात जे होतं ते." त्यांनी रेषेच्या सुरुवातीवर बोट ठेवलं. "कनिष्ठ लिपिक."

"बाबा, पैकीच्या पैकी!" मुलगी टाळ्या पिटत ओरडली.

गणितात पैकीच्या पैकी मिळायची कारकूनरावांची ही पहिलीच वेळ होती.