जनूकाकांच्या कानातला कापूस

शिलाई मशीनचा सौदा करायला निघाले की जनूकाका कानांत कापूस घालतात. थंडीवाऱ्याचा नाही, भर उन्हाळ्यातसुद्धा. "किंमत कानात शिरली की माणूस मऊ पडतो," असं त्यांचं म्हणणं. विकणारा म्हणतो तीन हजार. काका कानाशी हात नेऊन विचारतात, "किती?" तो परत सांगतो. काका परत, "किती?" चौथ्या खेपेला तो बिचारा ओरडून ओरडून दमतो आणि आपण होऊन दोन-तीनशे उतरतो. मग काकांना लगेच ऐकू येतं.

पेणमध्ये आमच्या आळीत कुणाला जुनी मशीन घ्यायची असली की पहिलं आमंत्रण काकांना. गंमत म्हणजे या माणसाला साधं बटण लावता येत नाही. शर्टाला तीन बटणं आणि दोन सेफ्टी पिना. नोकरी सगळी एसटी डेपोत झाली. मशीनची विद्या काकींकडून आली. काकींनी चाळीस वर्षं आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले आणि काकांनी शेजारी बसून बॉबिन भरून दिल्या. काकी गेल्यावर त्यांची मशीन सून डोलवीला घेऊन गेली. मुलगा तिथं कंपनीत आहे. त्या मशीनवर आता टीव्ही ठेवलाय, असं काका सांगतात.

माझं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. त्या वर्षी मला गणवेशाचं काम मिळालं होतं. साठ फ्रॉक, शाळा उघडायच्या आत. हातात भिशीचे तीन हजार आणि घरात मशीनचा पत्ता नाही. रोह्याचा एक टेलर दुकान बंद करून लेकीकडे राहायला निघालाय असं कळलं, तशी मी काकांना घेऊन एसटीत बसले. नागोठणं येईपर्यंत त्यांनी मला तीनदा बजावलं, "तू तोंड उघडू नको. मशीनकडं बघून हसायचं पण नाय. गिऱ्हाईक हसलं की दुकानदार चढतो."

दुकानात दोनच मशिनी उरल्या होत्या. एक मोटरवाली, पांढरी, जवळजवळ नवी. दुसरी पाय मारायची, काळी, कोपऱ्यात धूळ खात पडलेली. टेलरनं पांढरी चालू केली. आवाज म्हणून नाही, आणि टाका असा सरळ, की हसू नये म्हणून मी ओठ दाबून धरले. टेलर म्हणाला साडेतीन हजार. माझ्याकडे तर तीनच होते, पण काकांनी "किती?" सुरू केलं होतं. पाचव्या "किती?"ला तो घसा खाकरत अडीच हजारावर आला. मी मनातल्या मनात साठही फ्रॉक शिवून, इस्त्री करून, पोचते केले.

काकांनी कापूस काढला. मशीनजवळ कान नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "नको."

"का?" मी तोंड उघडलंच.

"खोट हाय हिच्यात. तुला नाय कळायची." मग कोपऱ्याकडे बोट दाखवून टेलरला म्हणाले, "ती दाखवा."

टेलरच ओशाळला. "काका, ती मी भंगारात देणार होतो. खडखड फार करते."

त्यानं पाय मारला आणि अख्खं दुकान हादरलं. काकांचा चेहरा मात्र असा काही फुलला, की स्वतःचाच नियम मोडून ते हसत उभे राहिले. "किती?" एकदाच विचारलं. नऊशेला ती काळी मशीन माझ्या गळ्यात पडली.

मशीन एसटीच्या टपावर आणि मी खाली धुमसत. साठ फ्रॉक, आणि हाताशी हे भंगार. या माणसाला कुणी शहाणा म्हटलं, असं झालं होतं मला.

घरी आल्यावर मी ती खिडकीशी मांडायला घेतली, उजेड येतो म्हणून. काका दारात घुटमळत होते.

"सुरेखा, आमच्या भिंतीला लाव ना गो."

"तिथं अंधार आहे."

"बल्ब मी आणून देतो."

मी वळून बघितलं. कापसाचे बोळे त्यांनी मुठीत दाबून धरले होते.

"त्या पांढऱ्या मशीनमधे काय खोट नव्हती," ते म्हणाले. "फसवलं मी तुला. पण तिचा आवाज भिंतीपलीकडं आला नसता. तीन वर्षं झाली, आमच्या घरात काय आवाजच नाय. तुला नको असंल तर उद्या जाऊन ती आणू. वरचे पैसे माझे."

माझा राग पळाला असं मी म्हणणार नाही. थोडा राहिलाच. पण मशीन त्यांच्या भिंतीला लावली. फ्रॉक वेळेत झाले, साठच्या साठ. खडखडते, पण टाका सरळ घालते. मधेच दोरा संपून थांबली की पलीकडून हाक येते, "काय झालं गो?" आणि लगोलग काका बॉबिन भरायला हजर. तेलही मी बेतानंच घालते.

महिन्यातले काही दिवस माझ्याकडे शिवायला काहीच नसतं. तरी दुपारचे चार वाजले की मी एक चिंधी घेते आणि पाय मारायला लागते.