रेगे डॉक्टरांचा छोटा आरसा

आमच्या परळच्या इमारतीतले घशाचे डॉक्टर रेगे माणसाला चेहऱ्याने ओळखत नसत, आवाजाने ओळखत. जिन्यात मी वाकून नमस्कार केला तरी ते परक्याकडे पाहावं तसे पाहायचे. "नमस्कार, डॉक्टरसाहेब" असं म्हटलं की मगच मान हलायची. "हां, मास्तर. दोघी कशा आहेत?"

दोघी म्हणजे माझ्या घशातले दोन स्वरतंतू. डॉक्टरांच्या लेखी त्या सख्ख्या बहिणी होत्या. दोघी नीट भेटल्या की आवाज फुटतो, रुसल्या की घसा बसतो. साऱ्या इस्पितळात ते एवढंच विचारत, दोघी भेटतात का.

एकदा तळमजल्यावरचे एक वृद्ध गृहस्थ वारले. ते रोज डॉक्टरांना हाक मारून हवापाण्याच्या गप्पा मारायचे. डॉक्टर प्रेताजवळ बराच वेळ उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "हे कोण?"

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत फीमाफीवर शिकलो आणि लालबागला मास्तर झालो. एवढा मोठा डॉक्टर भिंतीपलीकडे राहतो, याचंच मला अप्रूप होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. अख्ख्या गिरणगावाचा घसा बसला होता. आमच्याच इमारतीतले गिरणीकामगार सावंत मोर्चात घोषणा द्यायचे. डॉक्टरांनी त्यांना पूर्ण मौन सांगितलं, तर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी गप ऱ्हवलंय तर घोषणा कोण देतलो?" त्यावर डॉक्टर म्हणाले, "द्या. मग महाराष्ट्र मिळेल तेव्हा जयजयकार खुणेनं करा." वर बजावलं की कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं दोघी जास्त शिणतात.

आणि भिंतीपलीकडून, त्यांच्याच घरातून, दिवसभर कुजबुज यायची.

दिवेलागणीला ती थांबायची. मग एक खोकला. कोरडा, एकच. मग डॉक्टरांचा आवाज, "आणखी एकदा." पुन्हा तसाच खोकला. त्यानंतर इतकं शांत व्हायचं की वह्या तपासता तपासता माझा हात थांबायचा. डॉक्टरांच्या पत्नीला, काकूंना, क्षय असावा असं मी धरून चाललो होतो. पण क्षयाचा खोकला असा सांगितल्याबरोबर येत नाही.

पुढे शाळा आणि मोर्चे मिळून माझाही आवाज गेला. जिन्यात डॉक्टर समोर आले. मी नुसते हात जोडले. ते शेजारून निघून गेले. तळमजल्यावरच्या त्या गृहस्थांसारखी माझी गत झाली होती. मी धावत जाऊन त्यांची बाही धरली, घशाकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा उजळला. हाताला धरून त्यांनी मला घरी नेलं.

कपाळावर भोकाचा गोल आरसा चढला. लांब दांडीचा छोटा आरसा त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरला. "थंड आरशावर श्वासाची वाफ धरते, मास्तर. मग तो आंधळा." तापलेला आरसा त्यांनी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिला, माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली आणि म्हणाले, "ई म्हणा." भोकामागे एकच मोठा डोळा दिसत होता. माझ्या आत खोल कोणाची तरी वाट पाहावी, तसा तो पाहत होता.

"लाल झाल्यात. आठवडाभर गप्प बसा, भेटतील."

काकू चहा घेऊन आल्या. "साखर पुरेल ना?" त्या कुजबुजल्या. मी चमकून डॉक्टरांकडे पाहिलं. कुजबुजू नका, असं काकूंना ते कसं म्हणत नाहीत?

काकू आत गेल्यावर डॉक्टर आपणहून बोलू लागले. मी इथे राहायला येण्याआधीची गोष्ट. मोर्चाला निघालेल्या मुलाला काकूंनी गॅलरीतून हाक मारली होती. खाली घोषणा चालल्या होत्या. त्याला ऐकू गेली नाही. तो गोळीबारात गेला. त्या संध्याकाळपासून काकूंचा आवाज गेला.

"हिच्या घशात काही नाही हो. बोलायला गेली की दोघी लांब राहतात. खोकली की बरोबर भेटतात. इस्पितळात असा रोगी आला की खोकल्याचा धागा धरून मी बोलता करतो. हिला म्हटलं, बोल. ही म्हणते, पोचला नाही तो आवाज काय करायचाय."

दिवे लागले. काकू न सांगता येऊन स्टुलावर बसल्या. मी उठू लागलो, तर डॉक्टरांनी हातानेच बसवलं. कपाळावरचा आरसा खाली ओढून ते म्हणाले, "खोक."

काकू खोकल्या. भिंतीपलीकडून मी नुसता खोकला ऐकत आलो होतो. इथे, जवळून, त्यात क्षणभर एका बाईचा भरदार, गोड आवाज वाजला आणि गेला.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते. "आणखी एकदा," ते म्हणाले.

छोटा आरसा त्यांच्या हातात होता. तो त्यांनी तापवलाच नव्हता.