सहा ते सहा-पस्तीस : गच्ची

अकोल्याच्या स्टँडवरून रोज शेकड्यानं गाड्या सोडणाऱ्या माणसाला घरची दोन लेकरं वेळेवर शाळेत सोडता येणार नाहीत का? तुम्हीच सांगा! अकोट असो, बाळापूर असो, वरूड असो, माझी शिट्टी झाल्याशिवाय गाडीचं चाक हलत नाही. वाहतूक नियंत्रक म्हणतात मला! म्हणून बायकोनं, म्हणजे प्रणालीनं, "पाच दिवस जमन का तुमाले घर?" असं विचारलं तेव्हा मी नुसता हसलो.

हसायला नको होतं.

प्रणाली पंचायत समितीत कारकून आहे. तिला बढती मिळायची आहे, पण त्यासाठी तीन महिने अमरावतीला राहून प्रशिक्षण घ्यावं लागतं. लेकरं लहान म्हणून तिनं दोनदा नकार दिला होता. यंदाचा फॉर्म तिनं देवापाशी ठेवला होता, आणि येता-जाता त्याच्याकडे पाहायची. मला फार वाईट वाटायचं. आता त्याआधी तिथंच पाच दिवसांचा एक वर्ग होता, सोमवार ते शुक्रवार. निघताना ती म्हणाली, "या पाच दिवसांत लेकरं एक दिवस जरी लेट झाले ना, तर मी फॉर्म फाडून टाकीन. मंग काही बोलू नका."

"तू बिनघोर जाय!" मी म्हणालो.

त्याच रविवारी मी एक मोठं वेळापत्रक केलं आणि स्वयंपाकघरात टांगलं. साडेपाच : उठणे. पावणेसहा : दात. सहा : आंघोळ. सहा-वीस : डबा व दप्तर. सहा-चाळीस : नत्थुजींचा ऑटो. प्रत्येक ओळीपुढे नियंत्रकाची सही! चौथीतल्या आचलनं ते मान तिरपी करून वाचलं. पहिलीतल्या कुलदीपनं विचारलं, "पप्पा, शू करायचा थांबा कुठी आहे?"

सोमवारी सगळं वेळेवर झालं. मंगळवारी सगळं वेळेवर झालं. बुधवारीही झालं, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली!

अहो, वीस वर्षं झाली मला या कामात. जी गाडी प्रत्येक थांब्यावर मिनिटाला मिनिट धरून पोहोचते, ती रिकामी धावत असते! माणसं चढली-उतरली की उशीर होतोच. मग माझी लेकरं? कालपर्यंत एक मोजा शोधायला अर्धा तास लावणारी? काहीतरी पाणी मुरत होतं.

मी तपास सुरू केला. टूथब्रश हाताला लावून पाहिले. ओले! टूथपेस्टवर पेननं खूण केली. पेस्ट खाली गेली! मोज्यांचा वास घेतला. तो नको घ्यायला होता, पण मोजे धुतलेले होते. कोणी धुतले? मी नाही! परत आलेले डबे हुंगले. मी दिली होती पोळी आणि बेसन, आणि डब्याला वास शेवयांचा!

"आचल, हे काय होय?"

"डब्यात सगळेच वाटून खातात पप्पा. तुमी काहून एवढं हुंगून राह्यले?"

माझा संशय आता भिंतीपलीकडे गेला. शेजारी उस्मानभाई आणि हलीमाबी राहतात. उस्मानभाईंनी शिवणकाम सोडल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ते आठच्या आत उठल्याचं मी पाहिलं नव्हतं. आणि हा माणूस सोमवारपासून रोज बरोबर सहाला माझं दार वाजवत होता!

सोमवारी म्हणे, "साहेब, जरा गच्चीवर चला, टाकी टपकून राह्यली." टाकी ठणठणीत होती. मंगळवारी म्हणे, "पाइप धरा." बुधवारी म्हणे, "साहेब, अकोटच्या गाड्या सांगा ना जरा, पहिल्यापासून." मी सांगितल्या. विचारलं की सांगावंच लागतं, सवय आहे. खाली येईतो सहा-पस्तीस! लेकरं बूट घालून उभी! मी सह्या करायचो. गुरुवारी तर त्यांनी मला कबुतरं मोजायला लावली. मी मोजली. सतरा होती.

आता तुम्हीच सांगा, कोणाला संशय येणार नाही?

शुक्रवारी मी ठरवलं : अचानक तपासणी! सहाला उस्मानभाईंबरोबर गच्चीवर गेलो. "फोन राह्यला खाली, आणतो," म्हणून सटकलो. चप्पल हातात घेतली, मागच्या दारानं घरात शिरलो आणि बाथरूममध्ये दिवा बंद करून उभा राहिलो. ओळखू येऊ नये म्हणून डोक्यावर टॉवेल!

कुलदीप आला. त्यानं दिवा लावला.

"चोर! चोर! चोर!"

पोरगं चपळ! त्यानं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

"अरे, मी आहो! पप्पा!"

"ताई, चोर पप्पासारखा आवाज काढून राह्यला!"

"पप्पा असूच शकत नाही," आचल ठामपणे म्हणाली. "पप्पा सहा-पस्तीसपर्यंत गच्चीवर असतात!"

हलीमाबी लाटणं घेऊन धावल्या. "खबरदार! कोई खोलना नहीं!" उस्मानभाई वरून धापा टाकत आले. गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली. एक जण म्हणाला पोलीस बोलवा, एक जण म्हणाला आधी पाणी बंद करा. पाणी कशाला, ते मला आजवर कळलेलं नाही.

"थांबा," आचल म्हणाली. "पप्पा असान तर सांगा, वरूडची सकाळची पहिली गाडी कितीले?"

"सहा-दहा!" मी आतून ओरडलो.

"ये तो स्टँड के फळे पे लिखा रहता," उस्मानभाई म्हणाले. "कोई भी बोलेगा."

"मंग आईचा वाढदिवस कधी असते?"

मी विचार करू लागलो. एप्रिल? नाही, एप्रिलमध्ये आमचं लग्न झालं. का मे?

"पप्पाच आहेत," आचल म्हणाली. "खोला."

दार उघडलं, तेव्हा सहा-पन्नास झाले होते. नत्थुजी दहा मिनिटांपूर्वी भोंगा वाजवून निघून गेले होते. कुलदीपला बिनआंघोळीचं कपड्यांत कोंबलं, दोघांना स्कूटरवर घातलं आणि निघालो. सातच्या शाळेच्या फाटकावर पोहोचलो तर सात वाजून सहा मिनिटं! शिपायानं उशिराची वही पुढे केली. कारणाच्या रकान्यात आचलनं सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'पप्पा बाथरूममध्ये लपले होते.'

मला वाटलं, वहीचं वहीत राहील. पण हल्ली शाळा उशिराचा निरोप आईच्या मोबाइलवर पाठवते, कारणासकट! घरी पोहोचायच्या आत प्रणालीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "संध्याकाळी येते. फॉर्म काढून ठेवा."

दोन वेळा लेकरांपायी थांबलेली बाई, तिसऱ्यांदा माझ्यापायी थांबणार! रागारागानं ते मेलं वेळापत्रक भिंतीवरून ओढून काढलं. फाडायला उलटं केलं, तर मागे आणखी एक वेळापत्रक! आचलच्या अक्षरात, तीन रकाने : आचल, कुलदीप, पप्पा.

साडेपाच : मी उठते, कुलदीपले उठवते. सहा : उस्मानचाचा पप्पाले गच्चीवर नेतात. सहा ते सहा-पस्तीस : आंघोळ, दप्तर, मोजे. डबा हलीमाचाची. सहा-पस्तीस : पप्पा खाली, सही करू देणे. आणि तळाशी दोन सूचना. 'पप्पांनी मधी हात घातला की लेट होते.' 'आईले अमरावतीले जाऊ द्यायचं आहे.'

गाडी रिकामी नव्हती हो! मला उतरवलं होतं, म्हणून वेळेवर धावत होती!

संध्याकाळी प्रणाली आली. मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं वाचला, परत वाचला. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. आचल दाराआडून म्हणाली, "आई, आमी लेट नाही झालो वो. आमाले लेट केलं."

प्रणालीनं डोळे पुसले, देवापासचा फॉर्म घेतला आणि सही केली. मी छाती फुगवून म्हणालो, "म्हटलं होतं ना, घर चालन!"

"हो," ती म्हणाली. "तुमी फक्त गच्चीवरून खाली नका येऊ."

आता तिला अमरावतीला जाऊन दीड महिना झाला. लेकरं एक दिवसही लेट नाहीत. मी रोज सहाला आपणहून गच्चीवर जातो, उस्मानभाईंना उठावंही लागत नाही. कबुतरं आता एकवीस झाली आहेत.