आधी कृती, मग क्रियापद

मी नुसती हसत बसणार नाही, एवढंच ठरवलं होतं. पुढे जे झालं त्याला माझा मुलगा मला जबाबदार धरतो. मी त्यालाच धरते, कारण सुरुवात त्याने केली.

नातीचं लग्न ठरत होतं. मुलगा तिचा तिनेच पसंत केलेला, आम्हालाही आवडलेला. राहिली होती फक्त त्याची आई. बाई जन्मापासून परदेशात वाढलेली, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नाही. तिने निरोप पाठवला होता : मला घरदार, शिक्षण काही बघायचं नाही, घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात तेवढं एकदा येऊन बघेन, मग होकार देईन. येत्या रविवारी ती चहाला येणार होती. नात तेव्हापासून जेवणात लक्ष नसल्यासारखी जेवत होती.

मुलगा म्हणाला, "आई, तू फक्त हस. बोलायचं मी बघतो."

"का? माझ्या तोंडाला काय झालंय?"

"तोंडाला काहीच झालेलं नाही, तीच तर काळजी आहे," सूनबाई आतून म्हणाली. (सूनबाई नर्स आहे. फार कमी बोलते, पण जे बोलते ते इंजेक्शनसारखं. टोचलेलं कळत नाही आणि नंतर बसता येत नाही.)

आता माझं सांगते. मी शाळेची पायरी चढलेली नाही. वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्यांवरून. शिलाई मशीन शिकले ते सगळं उघडून. परत जोडताना दोन स्क्रू उरले, पण मशीन त्यांच्यावाचून इतकी वर्षं बिनतक्रार चालतंय, म्हणजे ते बनवणाऱ्यानेच जास्तीचे घातले असणार. इंग्रजीही मला येतं. बसा, चहा घ्या, पंखा लावू का, सगळं येतं. पण ते सगळं वर्तमानकाळात. आणि माझ्या वयाच्या बाईकडे वर्तमानकाळात सांगण्यासारखं असतं काय? दोन गुडघे! बाकीचा सगळा माल भूतकाळात. लोकांचे कपडे शिवून मी पोरं वाढवली, घरमालकाला कोर्टात सरळ केलं, हे त्या बाईला कोण सांगणार? माझा मुलगा? तो मला हसायला बसवून पडद्यांच्या रंगावर बोलला असता.

नातीने आपलं जुनं व्याकरणाचं पुस्तक काढून दिलं. पहिलंच वाक्य : द किंग डाइड.

"कुठला राजा गं?"

"कुठलाच नाही, आजी. उदाहरण आहे ते."

"म्हणजे मेला नाही?"

"मुळात राजाच नव्हता."

"मग नसलेला माणूस मेला म्हणून मी का सांगत सुटू? भूतकाळ म्हणजे झालेली गोष्ट. न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगायची, त्याला आमच्यात थाप म्हणतात. मी थापा मारत नाही."

"आजी, अगं, पाठ करायला फक्त..."

"पाठ करायलासुद्धा नाही."

आणि मी पुस्तक बाजूला ठेवून माझी स्वतःची पद्धत काढली. आधी कृती, मग क्रियापद. जे केलं, तेच बोलायचं.

धुतलं, शिजवलं, पुसलं, ही सगळी सज्जन कामं एका दुपारीत संपली. त्यांना मागे एक शेपटी लावली की झालं. इतकी सोपी, की मी ती पाठच केली नाहीत. कष्ट पडले ते आडमुठ्या क्रियापदांना. प्रत्येकाचा भूतकाळ वेगळा, आणि (हे त्या लोकांना कुणीतरी विचारायला हवं) त्यातली निम्मी क्रियापदं नाठाळपणाची.

पण पद्धत म्हणजे पद्धत. सोमवारी मी कप फोडला. माझाच, कान तुटलेला. आय ब्रोक द कप. असं पक्कं बसलं की झोपेतही विसरणार नाही. मंगळवारी मागच्या खोलीचा विटलेला पडदा फाडला. आय टोअर द कर्टन. मग मुलाचा एक बूट गॅलरीतून खाली फेकला.

"आई, हे काय?"

"थ्रू," मी म्हणाले.

तो निमूटपणे जिना उतरला. मी जोरात फेकते. बूट खालच्या मजल्यावरच्या कुंडीत गेला होता. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचा पेपर चोरला, कारण स्टोलला दुसरा इलाज नव्हता. भांडण्यासाठी, म्हणजे फॉटसाठी, मात्र वेगळे कष्ट पडले नाहीत, पेपर शोधत पोस्टमास्तर आपणहून आले.

"निदान लपवाछपवी तरी करू नका," सूनबाई केर भरता भरता म्हणाली.

तिने आठवण करून दिली म्हणून बरं झालं. चांगल्या कपबशांच्या कपाटाची किल्ली मी लगेच लपवली. आय हिड द की. वाक्य असं चोख बसलं! किल्ली कुठे ठेवली ते तेवढं बसलं नाही. (पुढे ती बॉबिनच्या डबीत सापडली. तोवर फार उशीर झाला होता.)

रविवारी बाई आली. सडपातळ, मऊ आवाजाची, डोळे सगळीकडे फिरणारे. चहा तिला स्टीलच्या पेल्यात मिळाला, मुलाला काचेच्या बरणीत आणि मला औषधाच्या मापाच्या मगमध्ये. मुलगा हवेबद्दल बोलत होता. मी ठरल्याप्रमाणे हसत नव्हते. तेवढ्यात बाई माझ्याकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, तुमच्याबद्दल काहीतरी सांगा ना.

मी पदर सारखा केला. शिलाई, पोरं, कोर्ट, सगळं घशापर्यंत आलं. पण सज्जन क्रियापदं मी पाठच केली नव्हती ना! ऐनवेळी त्यांतलं एकही पुढे होईना. पुढे आली ती पाठ केलेली.

"आय ब्रोक द कप," मी म्हणाले.

सूनबाईने बिस्किटं बाईपुढे सरकवली.

"आय टोअर द कर्टन. आय थ्रू हिज शू." मी मुलाकडे बोट दाखवलं. बाईने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "येस."

"आय स्टोल द न्यूजपेपर. आय हिड द की."

"व्हेअर?" बाईने हळूच विचारलं.

"आय फरगॉट!" मी म्हणाले. (हेही आडमुठ्यांतलंच होतं आणि मी ते विनासायास करून ठेवलं होतं.)

बाई सुनेकडे वळली. मग तुम्ही काय केलंत?

"वी स्वेप्ट," सूनबाई शांतपणे म्हणाली.

बाईने पेला खाली ठेवला, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, बघा, शब्द थोडे असले तरी माणसाचं आयुष्य समोरच्याला पोचतंच. जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला, मुलाला आणि सुनेला जिन्यापाशी नेलं आणि तिथे बराच वेळ त्यांच्याशी बोलत राहिली.

दोघं परत आले.

"होकार दिला त्यांनी," मुलगा म्हणाला.

"देणारच. मी बोलले ना! तू पडद्यांवर बोलत बसला असतास."

मुलगा भिंतीकडे बघायला लागला. सूनबाईच शेवटी म्हणाली, "त्या म्हणाल्या, त्यांच्या सासूबाईंचंही शेवटी असंच झालं होतं. ज्या घरात अशा माणसावर कुणी आवाज चढवत नाही, नुसता केर भरतात, त्या घरातली मुलगी मला डोळे मिटून चालेल."

"अशा माणसावर म्हणजे कशा?"

सूनबाई पेला, बरणी आणि मग गोळा करायला लागली.

"आण तो फोन," मी उठले. "आत्ता सांगते तिला, मला काय झालंय आणि काय नाही ते!"

नात दारात उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली. पोरीने आठवड्यात पहिल्यांदा पोटभर खाल्लं होतं, ओठाला बिस्किटाचा चुरा होता.

"लग्न होईपर्यंत, आई," सूनबाई म्हणाली, "तुमचं इंग्रजी आहे एवढंच राहू द्या."

मी खुर्चीत बसले आणि गप्प राहिले. (मी गप्प राहिले, हे इंग्रजीत कसं म्हणतात ते मला विचारू नका. ते वाक्य शिकायची वेळ माझ्यावर याआधी कधी आलीच नव्हती.)