बिघाडाचं गाऱ्हाणं

आमच्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं, आणि त्यामुळे घरात चिंतेचं वातावरण होतं.

माझा मुलगा सर्वेश तोंडवलीला पर्यटक फिरवतो. गणपतीनंतर त्याने गाडीचा आजार सांगणारं यंत्र घेतलं. ते स्टिअरिंगखाली खोचलं की गाडीला कुठे दुखतं ते मोबाईल सांगतो. यंत्र स्वस्त होतं. पण त्याने तोंड उघडावं म्हणून वर्षाची वर्गणी भरायची होती. तीही भरली. मी गावभर सांगितलं. शेजारच्या दुर्गेला दोनदा सांगितलं, कारण तिच्या जावयाच्या गाडीला ते नाही.

यंत्र रोज सकाळी एकच बोले: 'दोष आढळला नाही.' दोन महिने हेच.

"आये, गाडी बिघडणाच नाय गो," सर्वेश ताटावरून म्हणाला. "वर्गणी फुकट जातली."

दुर्गा कुंपणावरून विचारी, "काय गो, अजून काय नाय?" याच सुरात तिने माझ्या सुनेला लग्नानंतर दोन वर्षं विचारलं होतं.

ज्यावर डॉक्टर, वकील आणि तालुक्याचं ऑफिस उपाय सांगत नाही, त्यासाठी आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. गावकार अप्पांनी देवळात नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान भरलेली वर्गणी फुकट जाव नये, म्हणान तेच्या गाडीत एखादो बारीकसो बिघाड घाल, आणि तो यंत्राक दिसू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. माझा आवाज सर्वांत मोठा होता.

देव दयाळू. चौथ्या दिवशी गाडीत पिवळा दिवा लागला. आम्ही पेढे वाटले. यंत्राने एक आकडा दाखवला. आकड्याचा अर्थ वरच्या वर्गणीत मिळत होता, म्हणून सर्वेशने वरची भरली. अर्थ आला: 'दोष संभवतो. अंतिम अहवाल लवकरच.'

मसुऱ्याच्या इनास मेस्त्रीने बॉनेट उघडून नुसतं डोकावलं. "काकी, उंदरान वायर कुरतडल्यान. टेप मारतंय, दोन मिन्टांचा काम."

"हात लाव नको!" सर्वेश ओरडला. "तू दोन मिन्टांत बरी केलंस तर वर्गणी वसूल कशी होतली?"

अंतिम अहवाल येईपर्यंत सदर बिघाड आहे त्या स्थितीत जपण्यात आला. उंदराचं औषधही मी उचलून ठेवलं.

त्याच आठवड्यात नात भक्तीची तलाठ्याची परीक्षा आली. दोन वर्षं पोरीने पुस्तकातून मान वर काढली नव्हती. केंद्र ओरोसला. पहाटे निघालो. बाजाराला म्हणून दुर्गा मागच्या सीटवर होतीच. मसुऱ्यात गाडी बंद पडली, ती इनासच्या दारात. देवाने आणखी काय करावं?

सर्वेशने यंत्र लावलं. 'अहवाल तयार होत आहे. बत्तीस टक्के.'

"आज्ये, इनासकाकांक सांग गो," भक्ती म्हणाली. "गेट साडेआठाक बंद होतला."

इनास टेप घेऊन उभा होता. "काकी, मारू?"

"मारूक सांग की," दुर्गा मागून म्हणाली. "टेपीनच बरी होता, तर ह्या यंत्र कित्याक?"

"थांब रे इनास," मी म्हटलं. "अहवाल येवंदे."

भक्तीने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलकडे पाहिलं.

अहवाल आठ पन्नासला आला: 'वायर कुरतडलेली आहे. जवळच्या मेस्त्रीला दाखवा.'

"बघितलंस आये? बरोबर निघाला!" सर्वेशचा चेहरा उजळला. दुर्गेने जावयासाठी यंत्राची किंमत विचारून घेतली. इनासने टेप मारली, गाडी सुरू झाली. भक्तीने हॉल तिकिटाची घडी घातली. मग सर्वेशने गाडी तोंडवलीकडे वळवली.

आता दूरदूरची माणसं घरी येतात. यंत्र कुठलं, खालची वर्गणी बरी की वरची, सगळं नीट विचारून घेतात. त्यांना चहा भक्तीच आणून देते. पोरी, परीक्षेचं काय झालं, असं अजून एकानेही विचारलेलं नाही.

तुम्हीसुद्धा इथवर वाचलंत, ते यंत्र घ्यावं की नको एवढं ठरवायलाच ना? घ्या. अगदी खरं बोलतं.