उल्काचा पहिला नंबर

"परीक्षा कुठलीही असो, सबनीसांची पोर तयारीशिवाय बसणार नाही!" सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उपकरणं बनवणाऱ्या गुरुनाथ सबनीसांनी चहा पिता पिता जाहीर केलं, आणि घात झाला तो तिथंच.

त्यांची उल्का आठ वर्षांची. गोड, हसरी, पण अक्षरं काही केल्या डोक्यात टिकत नव्हती. मुख्याध्यापिका भल्या होत्या. म्हणाल्या, "सबनीसजी, टेस्ट की रिपोर्ट लाइए, स्पेशल टीचर पक्का मिलेगी. पर मार्च तक. उसके बाद इसे यहाँ नहीं रख पाऊँगी." म्हणजे अहवाल नाही तर शाळाही नाही!

चाचणी घेणारं सरकारी केंद्र एक, डॉक्टरीणबाई एक, आणि रांग मारुतीच्या शेपटाएवढी! त्यात शहरात दिवस दहशतवादाचे. पहिली तारीख मिळाली, कर्फ्यू लागला. दुसरी मिळाली, बंद पुकारला गेला. तिसऱ्या वेळी नाक्यावर पोलिसांनी स्कूटर अडवली, डबा उघडायला लावला आणि साबुदाण्याची खिचडी हा काय पदार्थ आहे याची कसून चौकशी केली. हे पोचले तेव्हा बाई घरी गेलेल्या! मात्र त्या खेपेला टेबलावर चाचणीसाठी मांडलेले लाल-पांढरे ठोकळे आणि अर्धवट चित्रं गुरुनाथांनी नीट पाहून घेतली. उपकरणं बनवणाऱ्याची नजर ती!

आठवड्याभरात घरी हुबेहूब ठोकळे हजर.

"अहो, हे काय?" वंदनानं विचारलं.

"सराव! स्कॉलरशिपला मी काय तसाच बसलो होतो?"

वंदना मास्तरांची मुलगी. तिनं विरोध तर केला नाहीच, उलट घड्याळ घेऊन शेजारी बसली! त्या दिवसांत अंधार पडल्यावर कुणी घराबाहेर पडत नसे, तेव्हा सरावाला संध्याकाळच्या संध्याकाळ मोकळी. उल्का आधी रडली, मग रमली, मग न बघता ठोकळे लावू लागली.

फेब्रुवारी संपता संपता एकदाचा नंबर लागला. तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या.

"बधाई हो जी! बच्ची तो बहुत होशियार है. इसे कोई हेल्प नहीं चाहिए!"

"सबनीसांची आहे!" गुरुनाथांची छाती फुगली.

वंदनानं त्यांना करकचून चिमटा काढला. "अहो, मदत नको म्हणतायत त्या!"

छातीतली हवा गेली. "नहीं जी, इसे कुछ नहीं आता!" ते गयावया करू लागले.

"कैसे पिता हैं आप?" बाई कडाडल्या.

गुरुनाथांनी उल्काला दारावरची पाटी वाचायला सांगितली. तिनं पाटीकडे पाहिलं आणि गोड हसली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. मग मात्र गुरुनाथांनी ठोकळ्यांचं सगळं सांगून टाकलं.

"फिर तो टेस्ट बेकार!" बाईंनी कपाळाला हात लावला. "अब एक साल बाद ही हो सकती है. और तब तक, सबनीसजी, बच्ची को कुछ मत सिखाइए!"

वर्ष! वंदना तिथंच पदरात तोंड लपवून रडली. गुरुनाथांना तर रडताही येईना. शाळा गेली, आणि ती त्यांच्याच हुशारीनं गेली.

स्कूटरपाशी उल्कानं त्यांचा शर्ट ओढला. "पापा, मैं फर्स्ट आई ना?"

"हो बाळा. पहिली आलीस."

"तो कल स्कूल में सबको बताऊँगी!"

उद्या सुट्टी नव्हती, बंद नव्हता, कर्फ्यूही नव्हता. गुरुनाथांना पहिल्यांदाच वाटलं, लागावा.