दाखल क्रमांक १८४०२

मोबाईल शिकता शिकता विमलताई गायधनी पुस्तक झाल्या, आणि आठच दिवसांत त्यांना मागणीही आली.

झालं असं, की वाचनालयाच्या कर्मचाऱ्यांना मोबाईलवर पुस्तकांच्या नोंदी शिकवायला अंजुम शेख नावाच्या बाई आल्या होत्या. "सरावासाठी कुठलंही नाव टाका," त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षं पुस्तकं देणाऱ्या विमलताईंना ऐन वेळी एकही पुस्तक आठवेना. त्यांनी स्वतःचं नाव टाकलं. दाखल क्रमांक पडला १८४०२. एकदा दाखल झालेलं काहीही खोडायचं नाही, हा वाचनालयाचा शिरस्ता. प्रश्न उरला फक्त शिक्क्याचा. तो सतराव्या पानावर मारायचा असतो. कार्यवाह भालेरावांनी बराच खल करून तो डाव्या मनगटावर मारला.

मागणी केली कुसुम टेकाळे या निवृत्त नर्सबाईंनी. नियमाप्रमाणे विमलताई पंधरा दिवस त्यांच्याकडे राहून आल्या.

"कशा वाटल्या?" भालेरावांनी विचारलं.

"सुरुवात जरा रटाळ आहे. पण पुढं सोडवत नाही," टेकाळेबाई म्हणाल्या. "मुदत वाढवून मिळेल का?"

"एकतीस तारखेला त्या रिटायर होतायत."

"पुस्तकाला कसली आलीय निवृत्ती?"

भालेरावांनी नियमावली चाळली. तशी तरतूद खरंच नव्हती.

निवृत्तीनंतरच्या रिकाम्या घराची विमलताईंना भीती वाटत होती, अगदी रडू यावं इतकी. टेकाळेबाई मात्र त्या पंधरा दिवसांत रोज जेवण झालं की विचारायच्या, "मग पुढं काय झालं?"

निवृत्त बाईला कपाटात जागा कुठून द्यायची, या काळजीने भालेरावांनी शिरस्ताच बदलला. सरावाची नोंद ज्याची त्याने पुसायची. तीस तारखेला शेखबाईंनी तोच धडा घेतला.

"नाव दाबून धरा, ताई. मग 'बाद करा' दाबा."

आधीचे सगळे धडे विमलताईंना पहिल्या फटक्यात आले होते. त्यांनी नाव दाबलं आणि सोडून दिलं.

"नाही हो जमत."

शेखबाईंनी सात वेळा दाखवलं. सातव्यांदा त्यांनी विमलताईंच्या तोंडाकडे पाहिलं, प्रमाणपत्र पुढे ओढलं आणि लिहिलं, 'बाद करणे : अनुत्तीर्ण.'

एक तारखेला टेकाळेबाई पिशवी घेऊन आल्या. बाकी कुणाला अजून मोबाईल नीट चालवता येत नव्हता, म्हणून विमलताईंनी टेकाळेबाईंच्या नावावर आपली नोंद आपणच केली, चपला घातल्या आणि त्यांच्यासोबत निघाल्या.